खिलारे साउंड आणि ढगातला लॅपटॉप

पप्पांनी लॅपटॉप हातात घेतला, दोनदा वरखाली केला आणि मामाकडे बघून विचारलं, "आतलं सामान काढून ठेवलंय काय?"

अमरमामा हसला. "दाजी, सामान आतच आहे. हलका आहे म्हणून तर आणला."

"हलका," पप्पा म्हणाले, आणि त्यांनी तो टेबलावर असा ठेवला, की जणू कुणी त्यांना प्लास्टिकचा नारळ दिलाय.

पप्पांचंही चुकत नव्हतं. आमच्या धंद्यात हलका हा शब्द शिवीसारखा वापरतात. स्पीकर विकत घ्यायचा तर पप्पा तो आधी उचलतात. उचलताना कमरेत कळ आली, तर मागचं चुंबक मोठं, म्हणजे माल खरा. अ‍ॅम्प्लिफायर एका हातात उचलला गेला, तर दुकानदाराला रामराम करून बाहेर. 'खिलारे साउंड, पळसमाळ, ता. माण' या पाटीखाली आजवर एकही हलकी वस्तू आलेली नव्हती. त्यात हा लॅपटॉप! एखाद्या जाड वहीएवढा. मी मात्र त्याच्याकडे बघून आतल्या आत उड्या मारत होते.

तेव्हा मी आठवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. आता दहावीत आहे, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची मी मला जरा बावळटच वाटते. पण तो आठवडा मला आवडतो.

आमचा धंदा म्हणजे जाहिरातीची रिक्षा. वर दोन भोंगे, आत अ‍ॅम्प्लिफायर, चालवायला हिंदुरावकाका. साडीचा सेल, जनावरांचं शिबिर, टँकरची वेळ, कुणाचं लग्न, कुणाची मयत, सगळं आमचीच रिक्षा वस्त्यावस्त्यांवर सांगत फिरते. आवाज पप्पांचा. पूर्वी ते साताऱ्याला एका स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिंग करून आणायचे. त्या वर्षी स्टुडिओवाला गाशा गुंडाळून मुलाकडे पुण्याला गेला. मग पप्पा रिक्षात बसून दिवसभर स्वतः ओरडायला लागले, आणि महिन्याभरात त्यांचा घसा असा बसला की ते मला हाक मारायचे आणि मांजर वळून बघायचं. ऑर्डरी दहिवडीच्या साउंडवाल्याकडे जायला लागल्या. घरीच रेकॉर्डिंग करायचं, तर लॅपटॉप हवा. कुठला, हा प्रश्न होता.

"यात काही साठवायचंच नसतं," मामा समजावत होता. "सगळं वर. क्लाउडमध्ये."

"क्लाउड म्हंजी?" दारात चहा पीत बसलेल्या हिंदुरावकाकांनी विचारलं.

"ढग."

काकांनी बशी खाली ठेवली. "माणात? ढगाच्या भरवशावर? पावनं, आमच्या बापानं जल्मभर त्येच केलं. वर बघत बसला."

सगळे हसले. मीही हसले, पण मला जरा रागही आला. दहिवडीच्या एका माणसाकडे जुना लॅपटॉप विकायला होता. तो पप्पांच्या मनात भरलेला, कारण तो जड होता. त्यात गाणी मिसळायची, आवाज घुमवायची सगळी सॉफ्टवेअरं भरलेली. पण तो घरात आला असता, तर दुकानातल्या लोखंडी टेबलावर कायमचा बसला असता आणि त्याला हात लावायचा तर पप्पांची परवानगी. हा हलका मात्र माझ्या दप्तरातही मावणार होता. माझं मन कुठं होतं, हे वेगळं सांगायला नको.

"याचे दोषही सांगतो," मामा म्हणाला. मामा असाच आहे, स्वतःच्या वस्तूचीही वकिली करत नाही. "जड सॉफ्टवेअरं यावर चालत नाहीत. नेट नसलं की अर्धा मुका होतो. पण बॅटरी दिवसभर जाते, उघडला की सुरू, आणि इथं केलेलं काम तिकडं दुसऱ्या फोनवर आपोआप पोचतं."

"म्हणजे आम्हाला चालेल का नाही?"

"ते मला कसं कळणार, दाजी? काम तुमचं. माझाच ठेवून घ्या आठवडाभर. वापरा. पुढच्या रविवारी न्यायला येतो, तेव्हा सांगा."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "किमे, तू बघ. पण रविवारी मला 'भारी आहे', 'मस्त आहे' असलं काही सांगायचं नाही. आपल्या कामाला चालेल का नाही, तेवढं सांगायचं. नाही म्हणालीस, तर दहिवडीचा घेतो."

"आणि हो म्हणाले तर?"

"तर तू म्हणशील तो."

मला तर आभाळ ठेंगणं झालं! आमच्या घरात मी तोपर्यंत फक्त भाजी कुठली करायची, एवढंच ठरवलं होतं, तेही दोडक्याच्या आणि भोपळ्याच्या मधलं.

पहिली अडचण सोमवारीच आली. पप्पांना आवाज घुमलेला लागतो. "बंधू आणि भगिनींनो" नंतर दोन-तीनदा "नींनो, नींनो" झाल्याशिवाय जाहिरातीला जोर येत नाही, असं त्यांचं ठाम मत. या लॅपटॉपवर नेटवरून चालणारं जे काही होतं, त्यानं पप्पांचा आवाज घुमवला तो असा, की सर्दी झालेला माणूस विहिरीतून मदत मागतोय.

"बघ," पप्पा म्हणाले. "दहिवडीच्यात एको आहे."

"एको कशाला विकत घ्यायचा?" मी म्हणाले. "आपली टाकी रिकामीच आहे की."

एप्रिलचा महिना. परसातली सिमेंटची टाकी टँकरची वाट बघत कोरडी ठणठणीत पडलेली. पप्पा आधी नाही नाही म्हणाले, मग कमरेपर्यंत आत वाकले. मी बाजूनं हात आत घालून लॅपटॉप त्यांच्या तोंडासमोर धरला. पूर्ण जाहिरात होईपर्यंत धरला! दहिवडीचा असता तर माझा हात खांद्यातून निखळला असता.

गिऱ्हाइकाला शिवलेले ब्लाउज द्यायला गेलेली मम्मी नेमकी तेव्हाच परत आली. तिला दिसले नवऱ्याचे फक्त पाय.

"अगं, काय पडलंय आत?"

टाकीतून उत्तर आलं, "भव्य साडी महोत्सव! त्सव! त्सव!"

मम्मी पायरीवर बसून इतकी हसली, की तेही रेकॉर्डिंगमध्ये आलं आणि सगळं परत करावं लागलं. पण आवाज असा भरून आला, की पप्पांनी स्वतःच तीनदा ऐकला आणि मिशीवरून हात फिरवला.

पुढचं काम सोपं होतं. रिक्षात पप्पांचा जुना फोन वायरीनं अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. मी गच्चीच्या पायरीवर बसून, कारण घरात नेट फक्त तिथंच येतं, नवीन जाहिरात वर चढवायची. ती फोनवरच्या यादीत सगळ्यात वर दिसायची. काकांनी एक फेरी संपली की सगळ्यात वरचं दाबायचं, बस. पेनड्राइव्ह बदलायला घरी यायची गरज नाही. मंगळवारी बाजारात कांद्याच्या बियाण्याचा दुकानदार म्हणाला, दुकान संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं आहे असं पण सांगा. पप्पांनी तिथंच फोनवर वाक्य बोलून मला पाठवलं, मी जोडलं, आणि काकांची रिक्षा पुढच्या वस्तीवर जायच्या आत नवीन जाहिरात वाजायला लागली.

"ताईसाहेब," काका संध्याकाळी म्हणाले, "तुमी हितनं बोलताय आन् थितं माझ्या डोक्यावर वाजतंय. मी दोनदा मागं वळून बघितलं."

मी इतकी फुगले होते, की मम्मी म्हणाली, दारातून आडवी ये.

आणि गुरुवारी दुपारी आमच्या दारात एक टेम्पो येऊन थांबला. आत सगळ्या बायका. सगळ्यांच्या हातात पिशव्या. पुढून उतरली ती दरेवस्तीची ठकूआजी. दरेवस्ती म्हणजे डोंगराच्या पार खाली, खोलात. तिथं रेडिओसुद्धा खरखरतो. ठकूआजीला सगळी वस्ती घाबरते, आणि तिचा आवाज भोंग्याशिवाय ऐकू जातो.

"शहाजी कुठाय?"

पप्पा बाहेर आले. "काय झालं, मावशी?"

"काय झालं मलाच इचार! सकाळी तुझा भोंगा बोंबलतोय, आज शेवटचा दिवस, आज शेवटचा दिवस. हातातली कामं टाकून या बायास्नी घिऊन आले. सेलच्या हॉलला कुलूप! आतलं झाडूनसुद्धा घेतलंय मेल्यांनी!"

सेल बुधवारीच संपला होता. बुधवारी रात्री मी जनावरांच्या शिबिराची जाहिरात वर चढवली होती. पण काका गुरुवारी त्यांच्या मळ्यातून थेट दरेवस्तीला उतरले. मळ्यात नेटवर्क नाही, खाली तर नाहीच. फोनवर सगळ्यात वर होता तो बुधवारचाच साडी महोत्सव, आणि काकांनी इमानदारीनं सगळ्यात वरचं दाबलं होतं.

पप्पांनी हात जोडले. मम्मीनं सगळ्यांना सरबत दिलं. ठकूआजी सरबत पिऊनही थंड झाली नाही. "आरं, माणूस आसता तर इचारलं आसतं, बाबा, तू ह्ये कधीचं सांगतोयास? भोंग्याला काय इचारू? त्यो आपला कालचं बी तेवढ्याच जोरात सांगतो आन् आजचं बी!"

टेम्पो गेला. पप्पा माझ्याकडे वळले. "रविवारची वाट बघायची काय गरज नाही. कळलं मला."

माझे डोळे भरून आले होते, पण तोंड भलतंच बोललं. "रविवार ठरलाय ना? आज गुरुवार आहे."

"किमे..."

"माझे तीन दिवस राहिलेत पप्पा. मी मोजून घेणार."

पायरीवर जाऊन बसले, आणि ठकूआजीचं बोलणं डोक्यात परत परत वाजवत राहिले. मामानं सांगितलं होतं, नेट नसलं की हा मुका होतो. मुका झाला असता तर बरंच होतं! हा तर मुका झाला नव्हता. जुनंच छाती काढून सांगत होता. मग मला एकदम सुचलं. इतकं सोपं होतं, की मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. मी धावत खाली गेले.

"पप्पा, प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी आपण ती कधी दिली ते सांगायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे असं. 'ही सूचना गुरुवारी दुपारी दिलेली आहे. यानंतर दुसरी सूचना आली, तर तीच खरी.'"

पप्पा उसळले. "आपण काय शिळी भाजी विकतोय? जाहिरातीत असलं कुणी बोलतं का? गिऱ्हाईक पैसे देतं ते ठासून सांगायचे. आणि शेवटी मीच म्हणायचं, बाबांनो, माझ्यावर फार विश्वास ठेवू नका?"

"मग तुम्ही नका म्हणू. मी म्हणते."

"तू?"

"शेवटचं वाक्य फक्त."

आमच्या भोंग्यावर तोपर्यंत बाईचा आवाज वाजला नव्हता. मुलीचा तर नाहीच. पप्पा म्हणाले, लग्नाच्या बँडमध्ये शाळेची घंटा वाजल्यासारखं होईल. पण ते दमले होते, उन्हानं आणि ठकूआजीनं. "रविवारपर्यंत काय करायचं ते कर," म्हणून आत गेले.

मी केलं. शिबिराच्या जाहिरातीत पप्पांचा आवाज दणदणून थांबायचा, मग एक क्षण शांत, मग माझा आवाज. टाकीबिकी काही नाही. साधा. शुक्रवारी संध्याकाळी दूध आणायला गेले, तर कोपऱ्यावरची पोरं नाकातून ओरडली, "ही सूचना शुक्रवारी सकाळी दिलेली आहे!" आमच्या वर्गातली वृषाली भेटली तर म्हणाली, "किमया, तू कधी जन्मलीस ते पण सांगत जा." मी तिथल्या तिथं सांगितलं, "त्यानंतर दुसरी आली नाही, म्हणून मीच खरी." मला त्या दिवशी कळलं, की माझ्याकडे उत्तरं आहेत. मीच ती आजवर बाहेर काढत नव्हते.

शनिवारी सकाळी गावातल्या हौसाबाई विरकर गेल्या. वय झालेलं, आजारपण लांबलेलं. त्यांचा मुलगा नामदेवकाका आमच्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा झोप न झालेल्या माणसासारखा होता. मयतीची सूचना पप्पा वेगळ्या आवाजात देतात. टाकी नाही, संगीत नाही. हळू.

"वेळ किती सांगू?"

"सहा वाजता संध्याकाळी," नामदेवकाका म्हणाला. "ताई सुरतेहून निघालीय. ती येईस्तोवर थांबायचं म्हणतोय. आणि दरेवस्तीला तेवढं नक्की पोचू दे, शहाजी. आईचं माहेर ते. लुगडं तिथनंच यायचंय."

आमच्याकडे बाई गेली, की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. माहेरी भाऊ नसला तर भावजय आणते. ते आल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. आणि नाईलाजानं उचललीच, तर दोन्ही घरं ते आयुष्यभर विसरत नाहीत. हौसाबाईंचा भाऊ कधीच गेला होता. भावजय उरलेली. ती म्हणजे ठकूआजी.

पप्पा बोलले, शेवटी मी माझं वाक्य बोलले. "ही सूचना शनिवारी सकाळी अकरा वाजता दिलेली आहे. यानंतर दुसरी सूचना आली, तर तीच खरी." काका निघाले.

जेवणं उरकत होती तेवढ्यात नामदेवकाका परत आला. "ताईची गाडी चुकली, शहाजी. रडत होती फोनवर. म्हणाली, माझ्यासाठी आईला उन्हात ठेवू नका, रात्र होईल मला. सगळ्यांनी बसून ठरवलं, तीन वाजता उचलायचं." त्यानं कपाळ पुसलं. "आता दरेवस्तीला माणूस पाठवतो मोटरसायकलवर."

"कशाला काका?" मी ताटावरून उठलेच. "मी आत्ता बदलते. पाच मिनिटांत सगळीकडे तीन होईल. माणूस पाठवूच नका."

"नक्की?"

"नक्की!"

तो गेला. पप्पा नवीन वेळ बोलले, मी जोडलं, पायरीवर पळाले, वर चढवलं. खाली आले तर पप्पा हात धुऊन उभे होते.

"किमे, हिंदुराव आत्ता कुठं असेल?"

मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. तेच. त्या दिवशीच्या फेरीत त्या वेळी रिक्षा संपर्क क्षेत्राच्या बाहेर असण्याची एकच जागा होती, दरेवस्ती.

पप्पांनी मोटरसायकल काढली, मी मागे बसले. खाली उतरायला वेळ लागतो, रस्ता सगळा दगडांचा. परत चढून यायला त्याहून जास्त. लुगड्याला, आवरायला, म्हातारीला बसवून आणायला किती लागेल, हे मी पप्पांच्या पाठीमागे बसून पुन्हा पुन्हा जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं. नामदेवकाकाला मीच सांगितलं होतं, माणूस पाठवू नका.

डोंगराच्या कडेला पोचलो आणि पप्पांनी गाडी बंद केली. खालून आवाज येत होता. पप्पांचाच. "...अंत्यविधी आज सायंकाळी सहा वाजता..." हळू, जड, दगडांवरून उड्या मारत वर येणारा आवाज. मग एक क्षण शांत. मग माझा.

वळणावरून रिक्षा बाहेर आली. काकांच्या शेजारी, अर्धी बाहेर, ठकूआजी. मांडीवर फडक्यात बांधलेलं लुगडं, दोन्ही हातांनी धरलेलं. मागे अ‍ॅम्प्लिफायरला चिकटून तिघी-चौघी बायका.

पप्पा रिक्षाला आडवे गेले. "हिंदुराव! तीन झालंय! सहा नाही!"

"म्हंजी म्हातारीचंच खरं झालं की!" काकांनी ब्रेक दाबला. "मी म्हणलं आजी, सहाला हाय, निवांत निगा, मी पुढच्या वस्त्या करून येतो. तर मला रिक्षाच फिरवू दीना."

"निवांत कशाची निगू?" ठकूआजी म्हणाली. ओरडली नाही. आवाज रडून घोगरा झाला होता. "ती पोरगी सांगती, सकाळी अकराला दिलेली. तवा दुपार झालेली. मयताच्या घरी तेवढ्यात काय काय बदलतं, मी काय बघितलं न्हाई व्हय? ती म्हणती दुसरी आली तर तीच खरी. खाली आमास्नी दुसरी यायला रस्ताच न्हाई. म्हणलं, ती यायची न्हाई, आपुनच जाऊ तिच्याकडं."

पप्पांनी रिक्षाच्या दांडीला हात टेकला.

"बातमी शिळी हुती तुझी, शहाजी," ती म्हणाली. "पर किती शिळी ते पोरीनं सांगितलं हुतं. व्हय बाजूला आता. माझी नणंद थांबलीय."

तेवढ्यात रिक्षातल्या फोननं टिंग केलं. डोंगराच्या कडेला नेटवर्क येतं. काकांनी सगळ्यात वरचं दाबलं, आणि दोन्ही भोंगे तीन वाजता म्हणत गावाकडे निघाले.

आम्ही मागून गेलो. विरकरांच्या दारात माणसं जमलेली, सगळं तयार. नामदेवकाका रस्त्याकडे बघत उभा. रिक्षा थांबल्याबरोबर गर्दीनं वाट दिली. ठकूआजीनं कुणाकडे बघितलं नाही. आत गेली, फडकं सोडलं, आणि हिरवं लुगडं नणंदेच्या अंगावर घातलं, पदर नीट केला, परत नीट केला. मग म्हणाली, "चला."

नामदेवकाका जाता जाता माझ्याजवळून गेला आणि त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, मी म्हणाले तसंच झालं. मी त्याला दुसऱ्या आठवड्यात खरं काय ते सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. "पुढच्या वेळी माणूस पण पाठवत जाऊ," एवढंच म्हणाला.

रविवारी मामा आला. पोहे खाऊन झाले, चहा झाला, आणि त्यानं विचारलं, "मग दाजी, काय ठरलं?"

"मला काय विचारतोस?" पप्पा म्हणाले. "तिला विचार."

मी उभी राहिले. बसून सांगता आलं असतं, पण मला उभं राहायचं होतं.

"चालेल," मी म्हणाले.

"नेट नसलं तरी?"

"नेट नसणारच. निम्म्या वस्त्यांवर नाही. हा तिथं आपोआप काही पोचवणार नाही, हे धरूनच चालायचं. म्हणून कधी दिली ते प्रत्येक सूचनेत येणार, आणि मयतीची वेळ बदलली तर खोलातल्या वस्त्यांवर माणूस जाणार. तेवढं आपण करायचं. गाणी मिसळणं, आवाज फिरवणं, यातलं जे याला जमत नाही, त्यातलं आपल्याला लागतं तरी काय? आपल्याला बोललेलं लवकर बदलता यायला पाहिजे. ते हा करतो. दहिवडीचा करणार नाही."

"आणि शाळेत नेता येईल," मम्मी आतून म्हणाली.

"ते पण," मी म्हणाले. लपवायचं कशाला?

मामानं पप्पांकडे बघितलं. पप्पांनी खिशातून फोन काढला आणि दहिवडीला लावला.

"हां, खिलारे बोलतोय. तुमचा तो लॅपटॉप नको... नाही नाही, किमतीचं काही नाही. चांगलाच असेल... नाही, आमच्या मॅडमनी दुसरा ठरवलाय."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. पप्पांनी घसा खाकरला. दहिवडीला साध्या आवाजात ऐकू गेलं असतं. पण ते सरळ उभे राहिले, छाती भरून घेतली आणि भोंग्यावर बोलतात त्या आवाजात सांगितलं, "खिलारे साउंडच्या निवेदिका, कुमारी किमया शहाजी खिलारे!"

शेजारच्या घराचं दार उघडलं, आणि तिथल्या काकू पदर खोचत बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं बाई, भोंग्यावर किमीचं नाव? काय झालं तिला?"